जिवाणी

"आई, बोलू नका. नुसती मान हलवा. ठेवायचं असेल तर हो म्हणून, नसेल तर नाही म्हणून. तुम्ही हलवलीत हे मी कुणाला सांगणार नाही."

माझ्या सुनेचा, त्रिशलाचा, हा आवाज मला अजून जसाच्या तसा ऐकू येतो. पौषातली सकाळ होती. मी देव्हाऱ्यासमोर आसनावर बसले होते, डोळे मिटलेले, हात मांडीवर. सामायिक चालू होतं. आमच्या जैन घरांत सामायिक म्हणजे ठरलेला वेळ न बोलता, न हलता मनात नामस्मरण करत बसायचं. मी सहाच्या टोल्याला बसते आणि सातच्या टोल्याला उठते. माताजींकडून, आमच्या साध्वींकडून, हा नियम घेऊन तेव्हा वीस वर्षं झाली होती. घराला आग लागली तरी मला हाक मारू नकोस, असं त्रिशला नवी नवरी म्हणून आली तेव्हा मीच तिला हसत हसत सांगून ठेवलं होतं.

ती माझ्या पुढ्यात येऊन बसली. बांगड्या वाजल्या, मग वाजायच्या थांबल्या. तिचा श्वास मला ऐकू येत होता. सव्वासातला तिला सांगलीच्या दवाखान्यात न्यायला गाडी येणार होती.

मी मान हलवली नाही.

आदल्या दिवशी, बुधवारी, ती आणि माझा धाकटा मुलगा अभिनंदन दुपारी चार वाजता सांगलीहून परत आले. त्रिशलाला पाचवा महिना लागला होता. तीन आठवड्यांपूर्वी सोनोग्राफीत डॉक्टरीणबाईंना काहीतरी शंका आली, मग रक्त तपासलं, मग पोटात सुई घालून बाळाभोवतीचं पाणी काढलं. त्याचा रिपोर्ट त्या दिवशी हातात आला.

त्या पाण्यावरून आमच्याकडे थोडं हसूही झालं होतं. आमच्या परसात आड आहे. नळ आला तरी पिण्याचं पाणी आम्ही आडाचंच घेतो आणि दुहेरी फडक्यातून गाळतो. फडक्यावर पाण्यातले बारीक जीव राहतात, त्यांना जिवाणी म्हणतात. फडकं गाळलेल्याच पाण्यानं खळबळायचं आणि ते पाणी परत त्याच आडात सोडायचं, वरून ओतायचं नाही. त्यासाठी तळाला कडी लावलेली एक छोटी बादली आहे. ती पाण्याला टेकेपर्यंत खाली सोडायची, मग तळाची दोरी ओढायची, म्हणजे ती अलगद कलंडते. ज्या पाण्यातून जीव आला त्याच पाण्यात तो परत गेला पाहिजे, एवढंच.

म्हणून सुई घालून पाणी काढल्याचं कळलं तेव्हा मी सहज विचारलं होतं, "तपासून झालं की ते पाणी परत घालतात का गं?"

अभिनंदननं कपाळाला हात लावला. त्रिशला मात्र खळखळून हसली. "अहो आई, ते काय आडाचं पाणी आहे?"

माझा थोरला मुलगा पारिस तिथंच उंबऱ्यावर बादली घेऊन बसला होता. तो हसला नाही. म्हणाला, "घालायला पाहिजे."

पारिस तेव्हा एकतीस वर्षांचा होता. जन्मला तेव्हाच सुईणीनं त्याचे डोळे, त्याची मान बघून तोंड फिरवलं होतं. तो चालायला चौथ्या वर्षी लागला, बोलायला सातव्या. जीभ जड, बोलणं तुटक. शाळेत घेतला नाही. पण जिवाणी सोडायचं काम मी त्याला बाराव्या वर्षी शिकवलं आणि तेव्हापासून एक दिवस त्यानं ते दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. मी नुसतं म्हणायची, "हळू रे." तो म्हणायचा, "हळूच."

तर त्या बुधवारी आम्ही दिवस मावळायच्या आत जेवायला बसलो होतो. अभिनंदननं फाईल फळीवर ठेवली. समोरच्या घरातून माझ्या थोरल्या नणंदबाई, चंपाआक्का, पदरानं हात पुसत आल्याच.

"काय म्हणाली रे डॉक्टरीण?"

अभिनंदन ताटाकडे बघत म्हणाला, "आपल्या दादासारखं आहे. नक्की आहे."

पारिसनं भाकरीवरचा हात उचलला. "माझ्यासारखं?"

त्रिशलानं ताट पुढं सरकवलं.

"बाळ? माझ्यासारखं?" त्यानं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि मोठ्यानं हसला. "मग मी शिकवणार. बादली. आपटायची नाही. मी शिकवणार त्याला."

त्रिशला ताटावरून उठली आणि आत गेली. पारिसनं तिच्या ताटातली उरलेली चटणी आपल्या ताटात घेतली, कारण टाकायचं नसतं हे त्याला ठाऊक होतं.

आक्का भिंतीला टेकून बसल्या. "राजमती, पाण्यातला किडा मरू नये म्हणून फडकं लावणारं घर आहे हे. काय करायचं ते विचार करून करा. लोक तोंडात शेण घालतील."

"लोक दादाला आंघोळ घालायला येणार आहेत का, आत्या?" अभिनंदन म्हणाला. "तू समोर राहतेस. एकतीस वर्षांत किती वेळा आलीस?"

"मला उलटं बोलू नकोस. मी आपलं धर्माचं सांगितलं."

"दादा झाला तेव्हाही तू धर्माचंच सांगितलंस ना आईला? मागच्या जन्मीचं पाप म्हणून?"

"म्हटलं असेन. मी तेव्हा लहान होते."

आक्का तेव्हा छत्तीस वर्षांच्या होत्या. पण मी बोलत नाहीच फारसं. आक्का पदर झटकून उठल्या. जाता जाता पारिसच्या डोक्यावरून मात्र त्यांनी हात फिरवला. तो म्हणाला, "आत्या, बाळ माझ्यासारखं." आक्कांचा हात तिथंच थांबला, मग त्या भराभर बाहेर गेल्या.

"किती दिवस आहेत हातात?" मी विचारलं.

"दिवस कुठले? परवा वीस आठवडे पुरे होतात. मग कायद्यानं काही करता येत नाही. उद्या सकाळी दाखल व्हायचं, नाहीतर मग सोडून द्यायचं."

"डॉक्टरीणबाईंचं काय म्हणणं?"

"त्या म्हणतात, निर्णय तुमचा. करा असंही म्हणाल्या नाहीत, करू नका असंही नाही. अशी मुलं शिकतात, हल्ली पुष्कळ सोयी आहेत, असं सांगितलं. हृदयालाही भोक असण्याची शक्यता आहे, तेही सांगितलं."

"आणि तुझं?"

तो पाटावर बोट फिरवत म्हणाला, "आई, तू गेल्यावर दादा माझा आहे. हे मी कधी बोललो नाही, पण लग्नाआधी मी त्रिशलाला हे सांगूनच होकार घेतला होता. दादाला मी पुरेन. दोघांना नाही पुरणार. पण तिच्या पोटात आहे. ती म्हणेल तसं."

पारिस हात धुवायला गेला होता. नळाखाली हात धरून तो स्वतःशीच काहीतरी शिकवल्यासारखं बोलत होता.

मी आत गेले. त्रिशला चुलीजवळच्या खिडकीशी उभी होती, एक हात पोटावर.

"हलतंय," ती म्हणाली. "परवापासून. आधी मला वाटलं गॅसेस आहेत." तिला हसू आलं आणि लगेच डोळे भरले. "आई, मला भावजींची भीती नाही वाटत. खरंच नाही. मला तुमची भीती वाटते."

"माझी?"

"एकतीस वर्षांत तुम्ही माहेरी एक रात्र राहिला नाहीत. मामंजी वारले त्या दिवशीही तुम्ही आधी भावजींना जेवू घातलंत, मग रडलात. अभिनंदननं सांगितलंय मला. मी तशी होईन का, याची मला भीती वाटते. आणि तशी झाले नाही तर, याची जास्त वाटते." तिनं माझे दोन्ही हात धरले. तिची बोटं गार होती. "सगळे सल्ले देतात. माझी आई फोनवर म्हणते मोकळी हो. आत्या म्हणतात पाप. पण खरं एकट्या तुम्हालाच माहीत आहे. तुम्ही सांगा. ठेवू का?"

बाहेर दिवस मावळत होता. माझ्या सायंकाळच्या सामायिकाची वेळ झाली होती.

"सकाळी सांगते," मी म्हटलं. "सामायिक झालं की सांगते."

तिनं मान डोलावली. एवढ्यानंही तिचा चेहरा जरा निवळला. मी सांगणार आहे, एवढं तिला पुरलं.

आणि मग ती सकाळ आली. ती पुढ्यात येऊन बसली, म्हणाली, बोलू नका, नुसती मान हलवा. परसात पारिस बादलीची कडी वाजवत माझी वाट बघत होता. गल्लीत गाडीचा हॉर्न वाजला. त्रिशला उठली. तिचा हात जमिनीला टेकल्याचा, मग गुडघ्याला टेकल्याचा आवाज आला. तिनं वाकून माझ्या पायांना हात लावला.

मग ती गेली.

ती शनिवारी दुपारी परत आली. मी गेले नव्हते, पारिसजवळ कुणीतरी हवं होतं. अभिनंदननं तिला हाताला धरून गाडीतून उतरवलं. तिचा चेहरा धुतल्या कापडासारखा झाला होता. पारिस दारात उभा होता. त्या दिवशी त्यानं स्वतःहून नवा शर्ट घातला होता, बटणं वरखाली लागलेली.

त्यानं आधी तिच्या हातांकडे पाहिलं, मग गाडीत वाकून पाहिलं. "बाळ?"

अभिनंदन पिशवी घ्यायच्या निमित्तानं मागं वळला. मी पुढं होणार, एवढ्यात त्रिशलाच म्हणाली, "नाही आलं, भावजी."

पारिस विचार करत राहिला. त्याला विचार करायला वेळ लागायचा आणि तो लागेल तेवढा घ्यायचा. मग म्हणाला, "सोडलं परत?"

त्रिशलानं चौकट धरली.

"सोडलं परत? पाण्यात?"

"हो," ती म्हणाली. "सोडलं."

"हळू?"

"हळूच."

"हां," तो म्हणाला. त्याचं समाधान झालं. बाजूला होऊन त्यानं तिला घरात येऊ दिलं. त्यानंतर त्यानं बाळाचं नाव कधी काढलं नाही.

संध्याकाळी मी तिच्यासाठी मऊ भात घेऊन गेले. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. छातीला तिनं पंचा घट्ट बांधला होता. दूध आलं होतं. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या होत्या, पण यायचं ते आलंच होतं. मी ताट खाली ठेवलं आणि पायाशी बसले.

भिंतीकडे बघतच ती म्हणाली, "सात वाजून गेले होते, आई."

मी भाताचं ताट तिच्या बाजूला सरकवलं.

"मी टोले मोजले. सातही मोजले. आता तुम्ही डोळे उघडाल म्हणून मी आणखी बसले. पंधरा मिनिटं बसले. गाडी आली. तुमच्या पापण्या हलत होत्या."

"हो," मी म्हटलं.

"मी रागावले नाही. ठरवायचं मलाच होतं, मी ठरवलं. तुमच्यावर ढकलत नाही." ती वळली. डोळे कोरडे होते. "पण सामायिक झालं की सांगते, असं तुम्ही म्हणाला होतात. मला फक्त तुमच्या मनात काय होतं ते कळायला हवं."

मी तोंड उघडलं. तेवढ्यात परसात पारिस गाणं म्हणायला लागला. त्याला एकच ओळ यायची, लहानपणी बस्तीत, आमच्या मंदिरात, आरतीच्या वेळी ऐकलेली, आणि ती तो निम्मीच म्हणायचा. आम्ही दोघी ऐकत राहिलो. त्रिशला माझ्या तोंडाकडे बघत होती. तिथं तिला काय दिसलं कोण जाणे, तिनं माझं मनगट पकडलं.

"आत्ता नको. भावजी आहेत तोवर नकोच. ते सगळं ऐकतात. पण त्यांच्यानंतर सांगायचं. शब्द द्या."

मी शब्द दिला.

पुढं दोन वर्षांनी त्रिशलाला मुलगी झाली. तिच्याही वेळी पाणी काढून तपासलं, ते चांगलं निघालं. रिपोर्ट आला त्या दिवशी अभिनंदननं पेढे आणले होते. त्रिशलानं तो डबा दोन दिवस उघडला नाही. नातीचं नाव चेलना ठेवलं. बादली सोडायला पारिसनं तिला शिकवलं. "आपटायची नाही," तो तिला सांगायचा आणि ती मुद्दाम आपटायची, त्याला रागवायला लावायला.

चाळिशी उलटली आणि पारिसचं विसरणं सुरू झालं. आधी बटणं विसरला, मग न्हाणीघराची वाट, मग माणसं. अशा मुलांना हे लवकर होतं, असं डॉक्टर म्हणाले. त्रिशला त्याची दाढी करायची, नखं काढायची, घास भरवायची. मी सत्तरीकडे चालले होते, माझ्यानं तो उचलवत नव्हता. शेवटच्या वर्षी तो मला ओळखेनासा झाला. मी पाणी पाजायला गेले की मान फिरवायचा. त्रिशलाच्या हातून प्यायचा. तिला आई म्हणायचा. पहिल्यांदा म्हणाला तेव्हा तिनं घाईनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "ओ दे की. हाक मारतोय."

गेल्या कार्तिकात, भरदुपारी, तो तिच्या मांडीवर गेला. मी त्याच्या कानात णमोकार मंत्र म्हणत होते. तो ऐकत होता की नाही ते कळलं नाही. त्याचा हात मात्र दोरी सोडल्यासारखा हळूहळू उघडत होता.

त्याला आता दहा महिने झाले. त्रिशलानं एकदाही विचारलं नाही.

काल आमचं दशलक्षण पर्व संपलं. आज क्षमावाणी. वर्षभरात कळत नकळत कुणाला दुखावलं असेल तर सगळ्यांनी सगळ्यांकडे क्षमा मागायची, असा हा दिवस. आज घराघरांतून माणसं येतील, हात जोडून एकच वाक्य म्हणतील, मीही म्हणेन. तेरा वर्षं त्रिशला आणि मी एकमेकींना वाकून हे वाक्य म्हणत आलो. दर वर्षी म्हणून झाल्यावर ती एक क्षण जास्त माझ्याकडे बघते आणि मग चहाला लागते.

तिला काय सांगायचं आहे ते मी रात्रंदिवस मनात मांडून ठेवलं आहे. माताजी सांगायच्या, आपले भगवंत काही देत नाहीत, काही घेत नाहीत, त्यांच्याकडे मागायचं नसतं. मी मागत होते. पारिस झाल्यापासून रोज मागत होते आणि नियम घेतल्यावर सामायिकाच्या शेवटी, सातच्या टोल्यांबरोबर, मागत होते. याला माझ्याआधी ने. फार नको, एकच दिवस आधी. त्या सकाळीही टोले पडत होते आणि माझ्या मनात तेच चालू होतं. समोर बसून ती विचारत होती, ठेवू का. जी बाई आपल्या पोराचं मरण रोज मागते तिनं ठेव म्हणून मान कशी हलवायची? आणि नको म्हणून हलवायची तर परसात कडी वाजत होती. त्या एकतीस वर्षांत असा एक दिवस नव्हता की मी त्याला कुणाला देऊन टाकलं असतं. हेही खरं होतं आणि तेही. दोन्ही सांगायला मान एकच होती. म्हणून मी डोळे मिटून बसले आणि तिला एकटीला जाऊ दिलं.

माझं मागणं पुरं झालं. एक दिवस मागितला होता, दहा महिने झाले.

आज सहाचे टोले पडले तेव्हा मी आसनाजवळ उभी होते. बसले नाही. तेहेतीस वर्षांत पहिल्यांदाच. आसन गुंडाळून कोनाड्यात ठेवलं. घरात बाकीचं अजून कुणी उठलं नव्हतं. परसातून फडकं खळबळल्याचा आवाज आला, मग रहाटाचा. पारिस गेल्यापासून जिवाणी त्रिशलाच सोडते.

मी मागच्या दाराशी थांबून कान दिला. बादली पाण्याला टेकल्याचा आवाज आला नाही. म्हणजे हळूच सोडली होती.

मी पदर सावरला, उंबरा ओलांडला आणि आडाकडे चालू लागले.